मदत हवी आहे: जर्मनीच्या २०२४ च्या संरक्षणखर्चाचे तीन आकडे, तक्त्यात कोणता धरू?

सांख्यिकी_शोधक: युरोपातल्या देशांच्या लष्करी खर्चाचा तक्ता करते आहे, जर्मनीपाशी गाडी अडली. २०२४ साठी एकीकडे ५२ अब्ज युरो, दुसरीकडे ७२ अब्ज युरो, आणि सिप्रीकडे (जगभरचा लष्करी खर्च मोजणारी स्टॉकहोमची संशोधन संस्था) ८८.५ अब्ज डॉलर. माझं कुठे चुकतंय?

जमाखर्च: चुकत नाही, तिन्ही आकडे बरोबर आहेत. ५२ अब्ज म्हणजे जर्मन अर्थसंकल्पातलं प्रकरण १४, निव्वळ संरक्षण खात्याची तरतूद. त्यात सैन्यासाठीच्या वेगळ्या विशेष निधीतले जवळपास २० अब्ज मिळवा, ७२ होतात. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ मध्ये हा १०० अब्जांचा निधी कर्जातून उभारला. कर्जावरची मर्यादा राज्यघटनेतच असल्यामुळे त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली. सिप्री यात युक्रेनला दिलेली लष्करी मदतही धरते. ती त्याच अर्थसंकल्पाच्या प्रकरण ६० मधून जाते, साधारण ७ अब्ज युरो. म्हणजे झाले ७९. त्या वर्षीच्या सरासरी १.०८ दराने गुणलं की ८५ अब्ज डॉलर. उरलेली तफावत मोजणीच्या व्याख्येतली.

देशादेशांची तुलना करायची असेल तर सगळ्या ओळी एकाच स्रोतातून घ्या. एक देश नाटोच्या तक्त्यातून आणि दुसरा अर्थसंकल्पातून घेतलात तर तक्ता वाया गेला. वाढीचा दर मात्र युरोतच, स्थिर किमतींवर (महागाई वगळून) काढा. डॉलरमध्ये काढला की विनिमय दरातली चढउतारसुद्धा वाढ म्हणून दिसते.

रणगाडा४५: आणखी एक खाच. खर्च वाढला म्हणजे सैन्याच्या हाती सामान आलं, असं तक्त्याखाली लिहू नका. अमेरिकेकडून घ्यायच्या ३५ एफ-३५ विमानांना डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण पहिली विमानं देण्याचं वर्ष ठरलं २०२६. शिवाय अडीच कोटी युरोंवरचा प्रत्येक खरेदी करार जर्मन संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे न्यावा लागतो. समितीने मान हलवल्याशिवाय सैन्याच्या कोब्लेंझमधल्या खरेदी कार्यालयाला सही करता येत नाही. आणि मूळ योजनेत विशेष निधीच्या कर्जाचं व्याजही त्याच १०० अब्जांतून जाणार होतं, त्यामुळे पूर्ण १०० अब्जांची शस्त्रं येणारच नव्हती.

सांख्यिकी_शोधक: आता उलगडलं, आभार! २०२५ ची ओळ याच पद्धतीने चालेल ना?

जमाखर्च: बेरीज तशीच, पण तळटीप द्या. मार्च २०२५ च्या घटनादुरुस्तीनंतर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १ टक्क्यावरचा संरक्षणखर्च कर्जमर्यादेतून मोकळा झाला आहे. विशेष निधी २०२७ पर्यंत संपेल, मग सगळा भार प्रकरण १४ वर येईल. आत्ताच प्रकरण १४ आणि विशेष निधी असे दोन स्तंभ वेगळे ठेवा, नाहीतर २०२८ ला प्रकरण १४ मधली उडी पाहून वाचणारा चक्रावेल.