घटातलं धान पिवळं पडतं, कुजतं – काय चुकतं?

प्रश्न: नवरात्रात फ्लॅटमध्ये घट बसवायचे आहेत. शेतातली माती मिळणार नाही. तांब्याचा कलश चालेल का? धान्य किती घ्यायचं? तिसऱ्या-चौथ्या माळेला (म्हणजे दिवशी) बुरशी का येते?

प्रतिसाद १: धानासाठी घट मातीचाच हवा, बिनरंगाचा. त्यातून पाझरणाऱ्या पाण्यावरच धान उगवतं. तांब्याचा कलश पाझरत नाही, मग वरून पाणी ओतलं जातं आणि तिथेच धान्य कुजतं. घरी कलशाचाच रिवाज असेल तर माती ओंजळीने शिंपडून भिजवा, ओतू नका. नवा घट आदल्या दिवशी भरून बघा. तासा-दोन तासांत बाहेरून ओलसर झाला पाहिजे. धार लागली तर तडा आहे, बदला.

फूटभर रुंद परडीला चार-पाच किलो माती लागते. नर्सरीतली लाल माती चालते, फक्त चाळून घ्या आणि पावपट जुनं शेणखत मिसळा. परडीत पत्रावळ, त्यावर दीड इंच माती, मध्ये घट, भोवती धान्य, वर जेमतेम अर्धा इंच माती. सगळं मिळून अर्धी वाटी धान्य पुरे. दाट पेरलं की हवा खेळत नाही, हे बुरशीचं दुसरं कारण. गहू, ज्वारी, मका रात्रभर भिजवा. जवस, करडई कोरडीच. हरभरा मोजकाच टाका, सगळ्यात आधी तोच सडतो. आणि परडीखालच्या ताटात साचलेलं पाणी रोज काढायचंच!

प्रतिसाद २: पिवळं पडणं हा दोष नाही. देवघरात ऊन नसतं, म्हणून कोंब पिवळे आणि लांब होतात. दसऱ्याला टोपीत, फेट्यात खोचायला तेच शोभतात. मात्र बियाण्याच्या दुकानातले औषध लावलेले, रंगीत दाणे पेरू नका, ते लहान मुलांच्या हाती जातात.

बुरशी टाळायला माळांकडेही लक्ष ठेवा. आधीच्या माळा काढत नाहीत, त्यामुळे फुलं ओली ओवली की पाणी धानावर गळतं. झेंडू, कारळा, तरवड, काहीही असो, निथळून ओवा. माळ घटाला टेकावी, धानाला नाही.

प्रश्नकर्ती: आणि घटाजवळच्या अखंड दिव्याची काजळी झाडताना तो विझला तर?

प्रतिसाद १: आधी त्याच ज्योतीवर शेजारची निरांजन लावून घ्या, मग वात पुढे सरकवा, काजळी चिमट्याने काढा. ज्योत गेलीच तर निरांजनीवरून पुन्हा लावता येते. वात जाड, हाताने वळलेली घ्या आणि पंख्याखाली घट मांडू नका.

प्रतिसाद ३: माळांची संख्या आधीच ठरवा. तिथीची वृद्धी झाली की दिवस वाढतो. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला घट बसले आणि दसरा 2 ऑक्टोबरला आला. अशा वर्षी दहावी माळ बांधायची की नाही, ते घरातल्या थोरांना विचारा, घरोघरी रीत वेगळी आहे. कडाकण्यांचा (कडक पुऱ्यांचा) फुलोराही कुठे सातव्या, कुठे आठव्या माळेला बांधतात. कडाकण्या कडक तळून पूर्ण गार झाल्यावरच ओवा, गरम असताना भोक पाडलं की तुटतात.