कापूस वेचणाऱ्या बायांचं वय झालं, नवीन कोणी येत नाही, काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपुरात मनीषनगरला राहतो, नोकरी इथंच आहे, वावर हिंगणा तालुक्यात साडेसहा एकर. पऱ्हाटी (म्हणजे कापूस) आणि मधात तुरीच्या ओळी. बाबा गेल्यापासून आई गावीच राहून सगळं पाहते, मी शनिवार-रविवार जातो.

प्रश्न मजुरांचा आहे, पण "मजूर माजले" टाइपचे रिप्लाय नकोत प्लीज. आमच्याकडं अठरा-वीस वर्षांपासून त्याच बाया येऊन राहिल्या. आधी चौदा होत्या, यंदा सात, त्यात सगळ्यात लहान आहे ती सत्तेचाळीसची. त्यांच्या सुना-पोरी सकाळी कंपनीच्या गाडीत बसून बुटीबोरीला पॅकिंगच्या कामाला जातात, महिन्याचा पगार, डोक्यावर पंखा, का नाही जाणार? माझी बहीण असती तर मीच तिला जा म्हटलं असतं. गुढीपाडव्याला सालगडी ठरवायचं तर आमच्या गावात बंदच झालं.

2011 च्या जनगणनेत देशात शेतकऱ्यांपेक्षा शेतमजूर जास्त निघाले होते, 14 कोटींच्या वर मजूर आणि 12 कोटींच्या आत शेतकरी. मग आपल्यालाच माणूस कसा मिळत नाही असं मला वाटायचं, पण कापूस फुटतो तो सगळ्यांचाच एकदम फुटतो आणि सगळ्या गावाला त्याच सात बाया पाहिजे असतात.

दिवाळीनंतर एक दिवस मी पण कमरेला ओटी बांधून ओळीत लागलो. दुपारपर्यंत बोंडाच्या सुकल्या टोकांनी नखांच्या बाजूची कातडी निघाली, आणि संध्याकाळी काट्यावर माझा कापूस भरला नऊ किलो. शेजारच्या ओळीत जी मावशी होती तिचा तेवीस. ती मला म्हणाली, "बापू, डोयाले आता बोंड दिसत नाही, हातालेच समजते." तेव्हापासून मला झोप लागत नाही खरं सांगतो.

वर मागच्या वर्षी एकीला धुऱ्यावर साप चावला, वाचली, पण चार दिवस दवाखाना, खर्च आईनं केला. उद्या कोणाला काही झालं तर आमच्याजवळ काहीच सोय नाही. पेन्शनची श्रमयोगी मानधन योजना पाहिली तर ती 18 ते 40 वयापर्यंतच, म्हणजे ह्या सातही बाद.

तर मला हे विचारायचं आहे की मशीननं वेचणी आपल्यासारख्याच्या वावरात जमते का, किलोवर देण्यापेक्षा रोजी ठरवली तर म्हाताऱ्या बायांना बरं पडेल का (आई म्हणते रोजीनं काम लांबतं), आणि विम्याचं काय करता येईल? वावर ठोक्यानं (वर्षाचे ठरलेले पैसे घेऊन दुसऱ्याला कसायला) देऊन टाक असं नातेवाईक म्हणतात, पण मग ह्या बाया कुठं जातील?

---

वर्धेकर_शेती: भाऊ, मशीनचं आधी सांगतो, तुमच्या मधात तूर आहे तर विसरा. मशीनला सलग पऱ्हाटी लागते, आटोपशीर वाढणारं वाण, दाट लागवड, बोंडं एकदम फुटली पाहिजे आणि वेचणीआधी पानं गाळायची फवारणी. आपली चार वेचे होणारी पऱ्हाटी त्यात बसत नाही, शिवाय पानकचरा येतो तो साफ करायची सोय जिनिंगवाल्याकडं आहे का ते पण पाहावं लागते. तरी वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तुम्हाला जवळच, एकदा जाऊन विचारा. विम्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा करून घ्या, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, सर्पदंश पण धरतात. दवाखान्याचा खर्च त्यात मिळत नाही हे ध्यानात ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या घरासाठी आहे, बायांना उपयोग नाही. आणि रोजीच द्या, आम्ही दोन वर्षांपासून देऊन राहिलो, काम थोडं लांबते पण बाया टिकल्या.

धागाकर्ता: खूप खूप धन्यवाद भाऊ, 20 रुपयांचं खरंच माहीत नव्हतं, सगळ्यांचे पैसे मीच भरतो, ह्याच शनिवारी त्यांना घेऊन बँकेत जातो. रोजीचं पण आईशी बोलतो. पण ह्या विम्याला वयाची अट 70 पर्यंत दिसते, आणि ती मावशी आधारवर 71 ची आहे. तिच्यासाठी दुसरं काही आहे का?