उमे आधी, साकुरा नंतर

'उमेचा, म्हणजे जपानी प्लमचा, बहर म्हणजे साकुराची (चेरीच्या फुलांची) नांदी' असं कुणीकुणी म्हणतं, ते काही पटत नाही. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या जपानी काव्यसंग्रहात उमेवरच्या कविता साकुरावरच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मान उमेचा होता, साकुराने तो नंतर पटकावला! शिवाय उमेला सुगंध आहे. फूल लांब देठावर लोंबत नाही, थेट फांदीला चिकटून उमलतं, तेही ऐन थंडीत. त्यामुळे काळ्या, वेड्यावाकड्या फांदीचा आकार झाकला जात नाही, आणि चित्रकारांना नेमकं तेच हवं असतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा जपानी चित्रकार ओगाता कोरिन याचा तांबड्या-पांढऱ्या उमेचा चित्रित घडीचा पडदा जरूर पाहा. सोनेरी पार्श्वभूमी, मधून वळणं घेत जाणारा काळसर प्रवाह, दोन्हीकडे एकेक झाड. डावीकडच्या पांढऱ्या उमेचं बरंचसं खोड चित्राबाहेरच राहिलंय. फांदी वरून खाली झेपावते आणि पुन्हा उसळी घेते. खोडावरचं शेवाळ ओल्या रंगात दुसरा रंग सोडून, तो आपोआप पसरू देऊन केलंय. पाकळ्यांना मात्र बाह्यरेषाच नाही. एवढं धाडस त्या काळात!

जपानी चित्रकार हिरोशिगेचं टोकियोतल्या कामेइदोच्या उमेबागेचं चित्र (१८५७) बहुतेकांना व्हॅन गॉगने केलेल्या नकलेमुळे माहीत असतं. मला मूळचंच जास्त आवडतं.

कोरिनचा पडदा जपानमधल्या आतामी शहरातल्या एमओए कलासंग्रहालयात आहे. तो वर्षभर मांडलेला नसतो, साधारण उमेच्या हंगामातच बाहेर काढतात. तेव्हा जाणार असाल तर साकुरासाठी एप्रिलचं बघण्याऐवजी फेब्रुवारीचं तिकीट बघा.