म्हणे, ‘ज्याला तुमची साइट कळत नाही तो तुमचा ग्राहकच नाही’!

शाईचीबाटली
डिझायनर मंडळींच्या एका गटात काल कुणीतरी लांबलचक उपदेश टाकलाय. पोर्टफोलिओ साइट, म्हणजे आपली कामं दाखवणारी वेबसाइट, एकाच प्रकारच्या बघ्यासाठी करा, बाकीच्यांचा विचार केलात की काम मिळमिळीत होतं, आणि ज्याला साइट कळत नाही तो तुमचा ग्राहकच नाही. खाली ‘वा वा’चा पाऊस. तिथे गप्प बसले, इथे भांडते.

मी पुण्यात पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं करते. २०१९ साली मीही असलीच साइट केली होती. काळा पडदा, त्यावर शाईचा थेंब पसरायचा, थेंबावर माऊस नुसता फिरवला की चित्र उघडायचं. मित्रमंडळी खूश. मग एका प्रकाशकांचा फोन: “ताई, सगळं काळंच दिसतंय. माझा मोबाइल बिघडला का?” मोबाइलला माऊस कुठला! ते काम गेलं. पुढच्याच आठवड्यात जाहिरातवाल्या एका आर्ट डायरेक्टर बाईंनी विचारलं, “छान आहे, पण यात तू नेमकं काय केलंस? मांडणी तुझी, की फक्त रेखाटन?” तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता पहिल्याच पानावर एक ओळ आहे: मी काय करते, कुणासाठी करते. खाली आठ कामं, साठ नाहीत. प्रत्येकात माझा वाटा किती ते स्पष्ट. कच्ची रेखाटनं आतल्या पानावर, ज्याला खोदायचंय त्याच्यासाठी. आणि ‘प्रकाशकांसाठी’ असं वेगळं पान: किती दिवस लागतात, छपाईची फाइल कशी मिळेल. यात काय मिळमिळीत झालं ते सांगा.

पिक्सेलपंत
सांगतो. तुमच्या साइटचं पंगतीतलं ताट झालंय. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, ज्याला जे हवं ते उचला. भरती करताना मला एका अर्जामागे दोन मिनिटं मिळतात. ‘यांच्यासाठी’, ‘त्यांच्यासाठी’ अशी दारं दिसली की मी साइट बंद करतो, कारण माणसाला स्वतःचं काम काय तेच ठरवता आलेलं नसतं.

आणि काळ्या पडद्याचा किस्सा इथे गैरलागू आहे. साइट मोबाइलवर न चालणं हा कच्चेपणा झाला. ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे बदलणारी साइट, हा शब्द २०१० पासून आहे, ताई. २०१९ ला काय सबब?

सांगलीकरमामा
माझा छापखाना आहे, म्हणजे मी तो बिचारा ग्राहक. मला लिंक व्हॉट्सॲपवर येते. लिंकखाली चित्र आलं तर दाबतो, नुसतं करडं खोकं आलं तर पुढे सरकतो. आत गेलो की फॉर्म भरा! अरे नंबर द्या ना. आणि दर कुणीच लिहीत नाही. ‘इतक्यापासून’ एवढं लिहायला काय जातं? तीन वेळा फोन करून शेवटी कळतं की आपल्या ऐपतीबाहेरचं आहे.

कोपऱ्यातलाबल्ब
मामा, ते चित्र पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला असलेल्या एका ओळीवर ठरतं. ती घालायला पाच मिनिटं लागतात, पण पोरं विसरतात.

शाईताई, प्रोफाइलमधून तुमची साइट पाहिली. पुस्तकांच्या नावांतले ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत. कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलीय. ती मराठी करा. फाँटमध्ये मराठी वळणं असतील तर पाकळीचा ल आपोआप येईल. टिरो देवनागरी या फाँटकुटुंबात तर हिंदी, मराठी, संस्कृतसाठी वेगवेगळे फाँटच आहेत.

पिक्सेलपंत
घ्या. आता ‘ल’च्या पाकळीवरून काम मिळणार.

शाईचीबाटली
पंत, मी मुखपृष्ठावरच्या अक्षरांवर पोट भरते. माझ्याच साइटवर ल परका दिसत असेल तर मला लाज वाटते. तुम्हाला वाटत नसेल.

दिवाभीत
२०२२ च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत. पण गावात पाट्या बघा! आमच्या चौकातल्या नव्या कमानीवर गावाचंच नाव हिंदी वळणात. सांगायला गेलो तर म्हणे “काका, कॉम्प्युटरमध्ये तसंच येतं.” बंगळुरूत बसणाऱ्या पंतांना हे कळायचं नाही.

पिक्सेलपंत
बंगळुरूचा काय संबंध? रोज रात्री मुलीकडून बाराखडी गिरवून घेतो, पाकळीसकट. मराठीपणाचा दाखला तुमच्याकडून नकोय.

दिवाभीत
मग वर कुत्सित बोलायचं कारण?

कानवाचक
‘ल’वर भांडून झालं असेल तर बोलतो. मला दोन्ही ल सारखेच ऐकू येतात.

मला दिसत नाही, एनव्हीडीए वापरतो, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. शाईताईंची साइट आत्ता उघडली. पहिलं चित्र: “ग्राफिक, कव्हर अंडरस्कोर फायनल टू.” पाचवं: “फायनल फायनल न्यू.” मी एका संस्थेत पुस्तिकांची कामं वाटतो. चित्रं सहकारी बघते, पण तिच्यापुढे कोणाची नावं ठेवायची ती यादी मी करतो. तुम्ही त्या यादीत आला नसतात.

आणि बल्ब बरोबर बोलतायत, कारण वेगळं आहे. पानाची भाषा चुकीची नोंदवली की इंग्रजी आवाज मराठी ओळींची वाट लावतो.

पिक्सेलपंत
बरं, चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, हवा, मान्य. पण यासाठी वेगळं दार कुठे लागलं? आहे तेच दार नीट करा. म्हणजे कानवाचक माझीच बाजू मांडतायत, आभारी आहे.

कानवाचक
मी कुणाचीच बाजू मांडत नाहीये. तुमची साइटही उघडली होती. पहिला मिनिटभर नुसतंच “ग्राफिक, ग्राफिक”.

पिक्सेलपंत
…बघतो.

शाईचीबाटली
पंत, दार एकच असावं आणि उंबरा बुटका असावा, हे दिलं तुम्हाला. ‘प्रकाशकांसाठी’ पान मात्र काढणार नाही. गेल्या वर्षीची दोन पुस्तकं त्याच पानावरून आली. तुमच्याकडे नोकरी मागायची वेळ आली की लपवीन.

चित्रांखाली लिहायला बसलेय. कानवाचक, “म्हातारी भोपळ्यात बसून जंगलातून चाललीय” एवढं पुरे, की रंगही लिहू?

कानवाचक
रंग राहू द्या. म्हातारी घाबरलीय की मजेत आहे ते लिहा.

सांगलीकरमामा
आणि दराचं काय ठरलं?