सकर माशाचं पोट खपाटीला गेलंय, गोल्डफिशला चिकटतोय. काय करू? (नाशिक)

टँक दोन फुटी, पाणी साधारण ५५ लिटर. तीन गोल्डफिश आणि एक सकर. देताना दुकानदार म्हणाला होता, "काच साफ ठेवतो, वेगळं खाणं लागत नाही." तेव्हा बोटाएवढा होता, आता वीतभर झालाय आणि काचेवर शेवाळाचा डाग उरलेला नाही. पोट आत गेलंय, डोकंच तेवढं मोठं दिसतं. शेवाळाच्या गोळ्या टाकल्या की खाली पोचायच्या आत गोल्डफिश फस्त करतात. हे तिघं म्हणजे पंगतीला आधी येऊन बसणारे पाहुणे आहेत.

खरी काळजी पुढे आहे. रात्री दिवा लावला तर सकर एका गोल्डफिशच्या कुशीला चिकटलेला. तिथे आता पांढुरका चट्टा पडलाय.

त्यात नाशिकची थंडी. पहाटे पारा दहाच्या खाली जातो. हीटर लावला तर गोल्डफिशना चालेल का? आणि सकर मधूनच सुळकन वर जाऊन हवा घेतो, ते कशामुळे?

दुकानदार परत घ्यायला तयार नाही. शेजारचे काका म्हणतात, गोदावरीत सोडून दे. ते मी करणार नाही. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर सापडतात ते असंच कुणीतरी सोडल्यामुळे ना?

प्रतिसाद १
आजच वेगळा करा. भुकेला सकर गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो, एकदा चव लागली की सोडत नाही. मोठा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, हीटर, एवढ्यावर सध्या भागेल. हा अॅमेझॉनकडचा मासा, त्याला २४ ते २८ अंश लागतं. गोल्डफिशना गारच बरं. एका टँकमध्ये दोघांचं जमणार नाही.

खायला गिलकं, काकडी, दुधी. चकती उकळत्या पाण्यातून काढा, गार करा, स्टीलच्या चमच्याला टोचून तळाशी ठेवा. दिवा बंद केल्यावरच ठेवा, तो रात्रीचा खाणारा आहे. सोबत ड्रिफ्टवूडचा (टँकमध्ये ठेवायच्या लाकडाचा) तुकडा असू द्या, आडोसाही होतो.

हवा घेणं त्याच्या जातीतच आहे, तो पोटातून श्वास घेऊ शकतो. पण गोल्डफिशही वर तोंड काढून राहिले तर पाणी बिघडलंय समजा आणि एक तृतीयांश बदला. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय ओतू नका.

प्रतिसाद २
हलवताना जाळी वापरू नका, परांचे काटे अडकतात. डब्यात घ्या.

आणि टब कायमचा नाही हं. हा फूटभराच्या वर जातो, चार फुटी टँकही पुढे अपुरा पडेल. मोठा टँक असलेला कुणी शोधायला आत्तापासून लागा. नदीचं तुमचं बरोबर आहे. हे काठात बिळं करतात, अंडी घालतात, मग आवरत नाहीत. पुढे शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज ही सकरचीच छोटी जात घ्या, पाच-सहा इंचांवर थांबतो. अर्थात त्यालाही जेवण घालावंच लागतं.

धागाकर्ता
टबमध्ये हलवला. गिलकं ठेवतोय. बिया काढू का?

प्रतिसाद १
नको, कोवळं असेल तर तसंच द्या. आधी तुकडा चाखा, कडू निघालं तर टाकून द्या. तो गर खातो, साल सोडतो. सकाळी ती काढायला विसरू नका, पाणी नासतं.