पुण्यात १४ जणांसाठी बोलिंग : जागा कशी निवडायची?

वनाझकर

सोसायटीतली चार घरं मिळून एका शनिवारी संध्याकाळी बोलिंगला (बॉल घरंगळवून पिना पाडण्याचा खेळ) जायचं ठरतंय. एकूण १४ जण. त्यात चार मुलं (वयं ६ ते ११), एक आजी, एक आजोबा (आजोबांना गुडघ्याचा त्रास), बाकी तिशी-चाळिशीतले. नेहमी खेळणारं कुणीच नाही. राहायला कोथरूडला, त्यामुळे जागा विमाननगरला निवडली काय आणि वाकडला काय, दोन्ही लांबच.

इंटरनेटवर फोटो पाहिले तर सगळीकडे तेच निळे-जांभळे दिवे. जागा चांगली की वाईट ते ओळखायचं कशावरून? लेन (बॉल सोडायच्या लांब पट्ट्या) किती घ्यायच्या? दर गेमवर घ्यावा की तासावर? मुलांना आणि आजी-आजोबांना नुसतं बघत बसावं लागू नये, एवढं साधलं तरी पुष्कळ.

दुसरा_बाण

आधी लेनचा हिशेब करा, जागा नंतर. मोठ्या गटाची संध्याकाळ बहुतेक वेळा इथेच फसते.

एका गेममध्ये प्रत्येकाच्या दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या असतात. नवख्या माणसाला बॉल शोधणं, टाकणं, मागे वळून घरच्यांकडे बघणं हे सगळं धरून एका फ्रेमला साधारण एक मिनिट किंवा थोडं जास्त लागतं. म्हणजे माणशी एका गेमला १० ते १२ मिनिटं. १४ जण दोन लेनवर घातलेत तर सात-सात होतात : एक गेम संपायला सव्वा तास किंवा त्याहून जास्त, आणि एकदा बॉल टाकला की पुढची पाळी सात-आठ मिनिटांनी. सहा वर्षांचं पोर तेवढा वेळ एका जागी बसत नाही. ते पलीकडच्या व्हिडिओ गेमकडे जातं, पाळी आली की त्याची शोधाशोध सुरू होते आणि अख्खी लेन थांबते. शिवाय बऱ्याच ठिकाणी एका लेनवर सहाच नावं घेतात.

तीन लेन घ्या : ५, ५ आणि ४. गेम ५० ते ६० मिनिटांत संपतो, पाळी पाचेक मिनिटांत फिरते. लेन जोडीजोडीने असतात, दोन लेनमध्ये मिळून बॉल परत येण्याची एकच जागा असते. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या लेनचा जोडीदार बहुधा अनोळखी गट असेल. मुलांना त्या लेनवर ठेवू नका. त्यांचे हलके बॉल पलीकडचे उचलतात आणि मग वाट बघत बसावं लागतं.

गेम की तास याचं उत्तर सोपं आहे. पाच जणांचा एक गेम जवळजवळ तासभर चालतो. मग एका लेनचा तासाचा दर हा माणशी गेमच्या दराच्या पाचपटीपेक्षा कमी असेल तर तास घ्या, नाहीतर गेम घ्या. मात्र तासावर घेताना घड्याळ कधी सुरू होतं ते आधीच विचारा. शूज मिळाल्यावर, की गुणांच्या पडद्यावर नावं आल्यावर, की ठरलेल्या वेळेला तुम्ही पोचा न पोचा? १४ जणांचे शूज वाटून होईपर्यंत पंधरा मिनिटं सहज जातात. यावर उपाय म्हणजे सगळ्यांचे शूजचे नंबर आणि पडद्यावर घालायची नावं लेनप्रमाणे लिहून आदल्या दिवशीच पाठवून द्यायची.

दर विचारताना कर आणि शूजचं भाडं धरून की वगळून, हे स्पष्ट करून घ्या. काही ठिकाणी आधी कार्डात पैसे भरावे लागतात. उरलेले परत मिळतात का आणि कार्ड किती दिवस चालतं, तेही विचारा.

जाण्या-येण्याचं म्हणाल तर विमाननगरसाठी कोथरूडच्या वनाझ स्टेशनपासून रामवाडीपर्यंत मेट्रो थेट आहे, पुढे रिक्षा. शनिवारी संध्याकाळी १४ माणसं तीन गाड्यांतून वेगवेगळ्या वेळी पोचण्यापेक्षा ते बरं, कारण लेन ठरलेल्या वेळेला सुरू झाली की उशीर तुमच्याच खात्यात जातो.

पिनडेक

वरचा हिशेब बरोबर. आता जागेबद्दल.

पैसे भरण्याआधी एकाने तरी आठवड्यातल्या मधल्या दिवशी जाऊन दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. पहिली खात्री म्हणजे लेन पूर्ण लांबीची आहे ना. नियमाप्रमाणे फाउल लाइनपासून (खेळणाऱ्याने ओलांडायची नाही ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट आणि रुंदी सुमारे साडेएक्केचाळीस इंच असते. मॉलमधल्या काही जागांत बोलिंग म्हणून जे असतं ते आखूड लेनचं, बोटांना भोकं नसलेल्या छोट्या बॉलचं असतं. लहानांना ते चालतं, पण मोठ्यांचा पंधरा मिनिटांत विरस होतो. फोनवर थेट विचारा : लेन साठ फुटी आहे का, बॉल सहा पौंडांपासून सोळापर्यंत आहेत का?

दुसरं म्हणजे पिना दोरीच्या आहेत की मोकळ्या. पिनच्या डोक्यातून वर गेलेली काळी दोरी नीट पाहिलं की दिसते. दोरीच्या यंत्रात पडलेल्या पिना वर ओढून पुन्हा सरळ उभ्या करतात. भाग कमी, देखभाल स्वस्त, म्हणून नव्या जागांत तीच जास्त बसवतात. खेळात फरक पडतो : दोरी अडकून शेजारची पिन ओढली जाते, तर कधी एरवी पडली असती ती पिन दोरीमुळे उभी राहते. अमेरिकेतल्या बोलिंग काँग्रेस या खेळाच्या संघटनेने २०२३ मध्ये दोरीच्या पिनांना मान्यता दिली तीसुद्धा वेगळा प्रकार म्हणून. दोन्हींचे गुण एकाच पंगतीत धरत नाहीत. तुमच्यासारख्या घरगुती गटाने दोरीला नाक मुरडायचं कारण नाही. मात्र दोऱ्यांचा गुंता झाला की लेन थांबते, तेव्हा तो किती लवकर सुटतो ते उभ्या उभ्या बघा. मोकळ्या पिनांच्या यंत्रात पिन अडकते किंवा बॉल परत येत नाही. यंत्र कुठलंही असो, मागच्या बाजूला तंत्रज्ञ हजर आहे का हा खरा प्रश्न. दहा मिनिटांत एखादी लेन दोनदा बंद पडली आणि काउंटरवरचा मुलगा नुसताच फोन लावत राहिला, तर ती जागा सोडा.

तिसरं, पायाखालची फरशी. फाउल लाइनच्या अलीकडे जी १५ फुटांची धावपट्टी असते ती कोरडी आणि सगळीकडे एकसारखी घसरणारी हवी. तिथे खाण्याचे तेलकट डाग, सांडलेल्या सरबताचा चिकटपणा, चिकटपट्टीचे तुकडे दिसले तर माणसं तोंडावर पडणार. खाण्याची टेबलं धावपट्टीपासून दोन पावलं तरी मागे असलेली जागा निवडा.

चौथं, परत आलेला बॉल हातात घेऊन बघा. लेनवर पुढच्या साधारण ४० फुटांत तेलाचा पातळ थर असतो, शेवटचा भाग कोरडा ठेवतात. बॉलवर तेलाची स्वच्छ बारीक रेघ दिसली तर लेनकडे रोज लक्ष दिलं जातंय. काळपट, धुळीचा जाड पट्टा दिसला तर नाही. अंगठ्याच्या भोकाची कडही चाचपा. टवके उडालेली कड बोट सोलते.

या तेलामुळेच फाउल लाइनच्या पुढे पाय टाकायचा नसतो. मुलांना हे शूज घालायच्या आधी सांगा. बॉल मध्येच थांबला तरी आणायला जायचं नाही, काउंटरवर कळवायचं.

मैना

मुलं आणि आजोबांपुरतं लिहिते.

बंपर आहेत का एवढंच विचारू नका, नावाप्रमाणे वर-खाली होतात का ते विचारा. नव्या यंत्रणेत मुलाची पाळी आली की गटरच्या (लेनच्या दोन्ही बाजूंच्या खाचा) कडेचे कठडे आपोआप वर येतात आणि मोठ्यांच्या पाळीला खाली जातात. जुन्या ठिकाणी संपूर्ण लेनला एकच बटण असतं. तसं असेल तर चारही मुलं एकाच लेनवर आणि सोबत एक मोठा, असं बसवा.

सहा वर्षांच्या मुलासाठी रॅम्प मागा. वजनाने हलकी नळ्यांची घसरगुंडी असते. ती फाउल लाइनच्या अलीकडे ठेवायची, मोठ्या माणसाने बॉल वर ठेवायचा, मुलाने दोन्ही हातांनी ढकलायचा. नेम धरायचा तो रॅम्पचं तोंड थोडं इकडेतिकडे करून. तीन लेनला निदान दोन रॅम्प मिळतील ना, हे आधी पक्कं करा. शनिवारी ते दुसऱ्या गटाकडे गेलेले असतात.

आजोबांनाही हाच रॅम्प चालतो, खुर्चीत बसूनसुद्धा. वाकणं नाही, धावणं नाही. उभं राहून टाकायचा असेल तर ८ पौंडांचा बॉल घेऊन फाउल लाइनपाशी स्थिर उभं राहायचं आणि हात एकदाच मागे-पुढे करून सोडायचा. बऱ्याच ठिकाणी बसायच्या जागेतून धावपट्टीवर चढायला एक पायरी असते, तिला कठडा नसतो, आणि अंधुक उजेडात ती दिसत नाही. पाहणीला जाल तेव्हा ती पायरी नक्की बघा. गुडघ्याच्या माणसासाठी निर्णय तिच्यावरच करावा.

वनाझकर

सगळ्यांचे आभार, पाहणीला बुधवारी जातो. आणखी दोन शंका. बॉलचं वजन कसं ठरवायचं? आणि दोघीतिघी साडी किंवा ओढणीत येणार आहेत, त्याने अडचण होईल का?

पिनडेक

बॉलवरचा आकडा पौंडांत असतो. ६ म्हणजे २.७ किलो, ८ म्हणजे ३.६, १० म्हणजे ४.५, १२ म्हणजे ५.४. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के असा एक ढोबळ नियम आहे, पण तो स्वतःचा बॉल करवून घेणाऱ्यांसाठी ठीक. तिथले सामाईक बॉल हाताला तंतोतंत बसत नाहीत, मुठीने आवळून धरावे लागतात, म्हणून एक पायरी खाली या. मुलं ६, मोठ्या मुलांना ८, बायका ८ ते १०, पुरुष १० ते १२. पहिल्याच दिवशी १४ चा बॉल उचलणाऱ्याचं मनगट पाचव्या फ्रेमला दुखायला लागतं.

वजनापेक्षा भोकं महत्त्वाची. अंगठा पूर्ण आत घाला. तो न आवळता, न ओढता सहज बाहेर आला पाहिजे. मग मधलं बोट आणि अनामिका भोकांवर नुसती पसरा. बोटाचं दुसरं पेर भोकाच्या आतल्या कडेच्या पाव इंच पुढे आलं तर माप बरोबर. अंगठा घट्ट असला की बॉल सुटायला उशीर होतो आणि धाडकन लेनवर आपटतो. सैल असला की मागे झोका घेतानाच निसटतो. मागे उभ्या मुलांसाठी हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे, म्हणून खेळणाऱ्याच्या मागे कुणी थांबू नये. परत आलेला बॉल उचलताना हात दोन बाजूंनी, बाकीच्या बॉलना समांतर ठेवायचे. दोन बॉलच्या मध्ये बोटं घातली की मागून येणाऱ्या बॉलखाली ती चेंगरतात.

साडी चालते. पदर खोचायचा, निऱ्या घोट्याच्या वर राहतील एवढी साडी उचलून नेसायची, ओढणीला कमरेला गाठ. बॉल टाकायच्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. अंगठा थोडा सुजतोच, नखं लांब असतील तर मोडतात.

मोजे प्रत्येकाचे दोन जोड न्या. पावसाळ्यात तर नक्कीच. शूजचे तळवे मुद्दाम गुळगुळीत असतात, शेवटच्या पावलाला घसरावं म्हणून. त्याला पाणी लागलं की पाय जागच्या जागी अडकतो आणि शरीर पुढे जातं. तेच शूज घालून स्वच्छतागृहात जाऊ नये, ते एवढ्यासाठीच. मुलांचे लहान नंबर कमी असतात, ते राखून ठेवायला सांगा.

दुसरा_बाण

खेळताना पिनांकडे बघू नका. फाउल लाइनच्या पुढे साधारण १५ फुटांवर लेनमध्ये सात बाण असतात, नेम तिथे धरायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवीकडून दुसरा बाण धरावा. हात झोपाळ्यासारखा सैल सोडायचा, जोर लावायचा नाही. बॉल उजवीकडे जात असेल तर पाय उजवीकडे फरशीच्या एक-दोन लाकडी पट्ट्या सरकवा, बाण तोच. डावीकडे गेला तर डावीकडे. बहुतेक जण उलट करतात आणि चूक वाढवतात.

दुसरा गेम मात्र एकेकट्याने खेळू नका, पहिल्यानंतर मुलं थकतात. त्याऐवजी बेकर पद्धत घ्या : एका लेनच्या संघाचं पडद्यावर एकच नाव, दहा फ्रेम सगळ्यांत वाटलेल्या. पाच जणांत पहिला खेळाडू १ आणि ६, दुसरा २ आणि ७, असं करत पाचव्याला ५ आणि १०. चार जणांच्या संघात पहिल्या दोघांना तीन-तीन फ्रेम येतात, मुलं तिथे असतील तर त्यांना पुढे घाला. संघाचा गेम १० ते १२ मिनिटांत संपतो, म्हणजे पुढच्या पाऊण तासात तीन सामने होतात, आणि प्रत्येक पाळीला चार माणसं ओरडायला असतात. दहाव्या फ्रेमला स्ट्राइक (पहिल्याच बॉलला सगळ्या पिना) पडला तर दोन आणि स्पेअर (उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलला) पडला तर एक बॉल जास्त मिळतो, म्हणून दहावी फ्रेम जिच्या वाट्याला येते त्या जागी थोडा सराईत खेळणारा ठेवा.

यात एकच गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते. बंपर नावाप्रमाणे उठत असतील तर संघाच्या एका नावाला ते सगळ्यांसाठी वर राहतील किंवा सगळ्यांसाठी खाली. काउंटरवरून ते फ्रेमप्रमाणे बदलून देतात का ते बुधवारीच विचारून या. देत नसतील तर तिन्ही लेनवर वरच ठेवा.