मदत हवी आहे: जुनी गाडी फक्त घाटातच तापते, बाटली मात्र भरलेली

मंडळी नमस्कार,

गाडी २००४ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद 'विका आणि अमुक घ्या' असे येतील. वडिलांची गाडी आहे, विकायची नाही.

पुण्यात कितीही ट्रॅफिक असो, तापमानाचा काटा निम्म्यावर. पंखा वेळेवर लागतो, वेळेवर बंद होतो. पण कराडला जाताना खंबाटकी चढायला लागलं की काटा सरकायला लागतो. गेल्या महिन्यात एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला (मे महिना, मागे आई; ती काय बोलली ते इथे लिहीत नाही). गंमत म्हणजे हीटरमधून आधी भट्टीसारखी हवा आली आणि मग मध्येच गार. तोवर काटा लाल पट्टीला टेकला होता. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत बुडबुडे.

येताना बोगद्यातून आलो, चढ कमी, काही झालं नाही.

आधीच्या फिटरने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला होता, तो नवीन ८२ अंशांचा बसवून घेतला. वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) मागच्याच वर्षी बदलली. बेल्ट घट्ट आहे. खाली कुठे थेंबही पडत नाही आणि बाटली कायम 'मॅक्स'च्या रेषेवर. आताचा फिटर म्हणतो, बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवू, १८ हजार. उतरवू द्यावं का?

रात्रपाळी: पंखा डायरेक्ट करून टाका. चावी फिरवली की पंखा चालू. माझी गाडी सहा वर्षं तशीच चालतेय.

तेलकट हात: पंख्याचा इथे संबंध नाही हो. पंखा खराब असता तर गाडी सिग्नलला तापली असती, घाटात नाही. शहरात ठीक आणि चढावर तापते म्हणजे एकतर पाणी कमी, नाहीतर रेडिएटर आतून चोंदलाय, नाहीतर गॅस्केट. गॅस्केट शेवटी धरा, कारण ते सगळ्यात महाग.

तुमच्या लिहिण्यात मला खटकलं ते हीटरचं. हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो. काटा वर आणि हीटर गार, म्हणजे हीटरपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. बाटली भरलेली असली म्हणून रेडिएटर भरलेला असतो असं नाही! गरम झालं की कूलंट फुगतं, रेडिएटरच्या कॅपची स्प्रिंग उचलून बाटलीत जातं. गार झालं की कॅपमधला तळाचा छोटा व्हॉल्व्ह उघडून ते परत ओढलं जातं. तो अडकला की माल जातो, परत येत नाही. तुम्ही बाटली बघून खूश, आणि रेडिएटर वरून रिकामा. उकळल्यावर बाटलीत बुडबुडे येणारच, त्यावरून गॅस्केटचा निकाल लावता येत नाही.

उद्या सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, रेडिएटरचा वरचा जाड पाइप बघा. चपटा झालाय का? मग कॅप उघडा. पूर्ण गार असतानाच, गरम कॅपला हात लावू नका, ०.९ बारच्या कॅपखालचं पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरलं की एकदम उसळतं. माझ्या मनगटावर खूण आहे.

आणि गॅस्केटची शंका असेलच तर: थंड गाडी चालू करा, मिनिटभरात तोच पाइप दगडासारखा कडक झाला तर काळजी करा. ऑइलचं झाकण उघडून खाली मलईसारखा थर आहे का तेही बघा.

धागाकर्ता: तेलकट हात, सकाळी साडेसहाला खाली गेलो. पाइप चक्क चपटा! मोटारसायकलच्या हवा गेलेल्या ट्यूबसारखा. कॅप सैल केली तर 'सुस्स' करून हवा आत गेली आणि पाइप डोळ्यांदेखत गोल झाला. आत टॉर्च मारला, कूलंट दिसेचना. साधारण ९०० मिली मावलं. बाटली भरलेलीच! कॅपचा रबर उलटून बघितला, मधली चकती गंजून चिकटलेली, नखाने हलत नाही. ऑइलचं झाकण स्वच्छ. चालू केल्यावर पाइप मऊच राहिला.

चुनखडी: कॅपसोबत रेडिएटरही बघा. बोअरचं पाणी कधी भरलंत का? गाडी तापवून बंद करा, पंख्याची पिन काढा, मग जाळीवरून हात फिरवा. सगळीकडे सारखी ऊब हवी. एखादा पट्टा गारच लागला तर तिथल्या नळ्या क्षारांनी बुजल्या.

धागाकर्ता: वडील सोसायटीच्या टाकीचं पाणी भरायचे, म्हणजे बोअरचंच. 'आपल्याकडे बर्फ पडतो का, कूलंट कशाला' असं त्यांचं मत.

नवीन कॅप आणली, जुनीवर छापलेल्याच ०.९ ची. कूलंट भरून, हीटर उघडा ठेवून, एअर काढली. तीन दिवस झाले, रोज संध्याकाळी बाटली बोटभर वर, सकाळी परत खाली. पाइप गोल. हात फिरवून बघितला तर डावीकडचा खालचा कोपरा, साधारण तळहाताएवढा, बाकीच्यापेक्षा गार लागतो.

रविवारी खंबाटकी चढून बघतो, पाण्याचे दोन कॅन घेऊन, आईला न घेता. फिटरला हेडचं थांबवायला सांगितलंय, तो जरा नाराज आहे. आता प्रश्न एवढाच: रेडिएटर अॅल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या. अशाचं रॉडिंग (टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घेतात का, की सरळ नवीन टाकू?

तेलकट हात: टाक्या दुमडून बसवलेल्या असतात. उघडल्या की पुन्हा तशा बसतीलच असं नाही, आणि जुनं प्लॅस्टिक तडकतं. घाटात काटा हललाच तर नवीन टाका. नाही हलला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालवा. रविवारी काय झालं ते इथेच लिहा.